शटडाउनमध्ये क्रेडिट युनियनची मदत कशी घ्यावी आणि काँग्रेसपुढे बाजू कशी मांडावी

अमेरिकेचे सरकारी आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. तोवर खर्चाची विधेयके किंवा निदान मुदतवाढीचा तात्पुरता ठराव काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, मंजूर केला नाही, तर निधीअभावी अनेक खात्यांचे कामकाज थांबते. असे शटडाउन २०१८-१९ मध्ये ३५ दिवस आणि २०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असे ४३ दिवस चालले. पहिल्या वेळी सुमारे आठ लाख कर्मचाऱ्यांचे पगार अडकले आणि ११ जानेवारी २०१९ च्या पगारपत्रकात त्यांच्यापैकी अनेकांना निव्वळ वेतनाच्या रकान्यात शून्य दिसले. अशा वेळी पगारदारांना आधार वाटतो तो क्रेडिट युनियनचा, म्हणजे सभासदांच्याच मालकीच्या पतसंस्थांचा.

घरचे गणित आधी सोडवावे. हप्ता चुकण्यापूर्वीच युनियनला फोन करावा, कारण थकबाकी नोंदली गेल्यानंतर सवलत मिळणे कठीण होते. बिनपगारी रजेचे पत्र आणि शेवटची पगारपावती हाताशी ठेवावी. नेव्ही फेडरलसारख्या मोठ्या युनियन शटडाउनमध्ये बिनव्याजी कर्ज देतात. मात्र पगार आधीपासून त्यांच्याकडील खात्यात जमा होत असावा लागतो आणि थकीत पगार आला की कर्जाची रक्कम परस्पर वळती होते. ही शेवटची अट नीट वाचावी, अन्यथा पगार आला त्याच दिवशी घरभाड्याचा धनादेश परत जाण्याची वेळ येते. अशी योजना नसेल तर संघीय, म्हणजे केंद्र सरकारच्या सनदेवर चालणाऱ्या, युनियनच्या अल्पमुदतीच्या छोट्या कर्जाची चौकशी करावी. त्यात २,००० डॉलरपर्यंत रक्कम मिळू शकते, व्याज २८ टक्क्यांच्या वर जात नाही आणि अर्जाचे शुल्क फार तर २० डॉलर असते.

कंत्राटी कामावर असलेल्यांनी, आणि त्यांत माहिती तंत्रज्ञानातील मराठी मंडळीही आहेत, एक फरक ओळखून चालावे. थकीत पगाराची हमी देणारा २०१९ चा कायदा संघीय कर्मचाऱ्यांपुरता आहे. कंत्राटदाराच्या नोकराचे बुडालेले दिवस बहुधा बुडालेलेच राहतात. त्यामुळे पुढे येणाऱ्या पगाराच्या भरवशावर कर्ज उचलण्यापेक्षा चालू कर्जाचा हप्ता पुढे ढकलून मागणे त्यांच्यासाठी अधिक शहाणपणाचे ठरते.

ठेवींबद्दल घाबरण्याचे कारण नाही. संघीय विमा असलेल्या युनियनमध्ये प्रत्येक सभासदाच्या वैयक्तिक ठेवी अडीच लाख डॉलरपर्यंत सुरक्षित असतात आणि देखरेख करणारी एनसीयूए ही संस्था काँग्रेसच्या वार्षिक निधीवर चालत नाही. आपल्याकडच्या पगारदार सेवकांच्या पतसंस्थांना बँकांसारखे ठेव विमा संरक्षण नसते, म्हणून मराठी माणसाला ही शंका आधी येते. ती इथे गैरलागू आहे.

आता बाजू मांडण्याविषयी. २०२४ च्या आरंभी दोन जुन्या संघटना एकत्र येऊन ‘अमेरिकाज क्रेडिट युनियन्स’ ही संघटना उभी राहिली आणि वॉशिंग्टनमधील पाठपुरावा मुख्यतः तीच करते. तिच्याकडे आकडे असतात, परंतु मतदारसंघातील एका घराची नेमकी हकिकत सभासदाकडेच असते, आणि माझ्या मते लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात ठरावीक मजकुराच्या शंभर पत्रांपेक्षा अशा एका हकिकतीचे वजन अधिक पडते.

हकिकत निवडताना केवळ ‘आमचे हाल झाले’ एवढ्यावर थांबू नये. निधीचा वाद आणि आपले नुकसान यांना जोडणारा दुवा दाखवावा. उदाहरणार्थ, १ ऑक्टोबर २०२५ ला राष्ट्रीय पूरविमा कार्यक्रमाची मुदत संपली आणि त्यातून नव्या पॉलिसी देणे थांबले. पूरक्षेत्रातील घरावर कर्ज देताना पूरविमा बंधनकारक असल्यामुळे, खासगी विमा न मिळालेल्या खरेदीदारांचे मंजूर कर्जही अडकू शकत होते. याहून गंभीर प्रकार सीडीएफआय फंडाचा. कमी उत्पन्नाच्या वस्त्यांत काम करणाऱ्या युनियनना अर्थसाहाय्य देणाऱ्या, १९९४ साली स्थापन झालेल्या या विभागातील सर्व कर्मचाऱ्यांना ऑक्टोबर २०२५ मध्ये, ऐन शटडाउनमध्ये, नोकरकपातीच्या नोटिसा मिळाल्या. १२ नोव्हेंबरच्या कायद्याने शटडाउनच्या काळातील अशा नोटिसा मागे घ्यायला लावल्या. आपल्या युनियनला या फंडाचे अनुदान मिळाले असेल, तर त्यातून कोणती कर्जे दिली गेली हे व्यवस्थापकाकडून विचारून घ्यावे आणि तेच सांगावे.

लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात फोन उचलणारा तरुण कर्मचारी बहुतेक वेळा आधी पिनकोड विचारतो, कारण आपण त्याच मतदारसंघातील रहिवासी आहोत का हे त्याला नोंदवायचे असते. नागरिकत्व नसलेला रहिवासीही फोन करू शकतो. संघीय कर्मचाऱ्याने मात्र कामाची वेळ टाळून, स्वतःच्या फोनवरून आणि खासगी व्यक्ती म्हणूनच बोलावे. बोलणे मिनिटभरात आटोपावे: मी अमुक युनियनची सभासद आहे, शटडाउनमुळे माझ्या घराचा व्यवहार इतके दिवस लांबला, पूरविम्याची मुदत वाढवण्यासाठी आपण मतदान करावे. मागणी एकच असावी. या फोनमध्ये युनियनच्या करसवलतीचा विषय काढू नये. बँकांच्या संघटना त्या सवलतीला सतत विरोध करतात, ते भांडण जुने आणि वेगळे आहे, आणि दोन्ही एकत्र केले की नोंदवहीत एकाचीही धड नोंद होत नाही. करसवलतीवर चर्चा निघेल तेव्हा शटडाउनमधील बिनव्याजी कर्जांचा दाखला जरूर द्यावा, कारण सवलतीच्या बदल्यात समाजाला काय मिळते या प्रश्नाचे ते थेट उत्तर आहे.

शटडाउन संपल्यावर त्याच कार्यालयाला चार ओळींचे पत्र पाठवावे: किती रक्कम घेतली, कधी फेडली, कोणता खर्च भरून निघाला नाही. त्याची प्रत युनियनलाही द्यावी. वार्षिक सभेत प्रत्येक सभासदाला, ठेव कितीही असो, एकच मत असते. पुढच्या वेळेसाठी मदतीची योजना आधीच ठरवून ठेवावी, ही मागणी तिथे मांडता येते.