अमेरिकेत प्राध्यापक म्हणून येताय? आधी ग्रीन कार्डाचं बघा

ऑफर लेटर आलं की आपली मुलं आधी पगार बघतात, मग लॅबसाठीचा स्टार्टअप फंड. दोन्ही बघाच, पण विभागप्रमुखाशी, म्हणजे चेअरशी, बोलणी चालू असतानाच ग्रीन कार्डाचा अर्ज कधी करणार हे लेखी घ्या. पदात शिकवणं असेल तर विद्यापीठाला लेबर सर्टिफिकेशनमध्ये, म्हणजे ग्रीन कार्डाच्या अर्जाआधी अमेरिकी श्रम खात्याकडून घ्यायच्या मंजुरीत, खास सवलत असते. आलेल्या उमेदवारांत तुम्ही सर्वांत पात्र होता, एवढं दाखवलं की भागतं. ही सवलत निवड झाल्यापासून १८ महिनेच टिकते. मुदत हुकली की जाहिरातीपासून सगळं नव्याने, आणि नेहमीच्या मार्गात किमान पात्रतेचा एक अमेरिकन उमेदवार आला तरी अर्ज अडतो.

चेअर सांगतात, "तिसऱ्या वर्षाचा रिव्ह्यू होऊ दे, मग बघू." त्यांच्या मनात काळंबेरं नसतं, बऱ्याचदा त्यांना हा नियमच ठाऊक नसतो. आपण मोठ्यांपुढे मान डोलावतो आणि तिथेच घात होतो. फार हुशार माणसं यात अडकलेली मी पाहिली आहेत. विद्यापीठाच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाला लॉटरी नाही, म्हणून सगळे निवांत असतात. पण तो एरवी ६ वर्षांचाच, आणि पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करताना त्यावर काढलेली वर्षंही त्यातूनच जातात. भारतात जन्मलेल्यांची ईबी-२ची, म्हणजे नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डाच्या दुसऱ्या गटाची, रांग दहा वर्षांहून लांब आहे. रांगेतला तुमचा क्रमांक ठरवणारी तारीख लवकर लागली आणि आय-१४०, म्हणजे विद्यापीठाने तुमच्यासाठी केलेला ग्रीन कार्डाचा अर्ज, मंजूर झाला, तर पुढे संशोधनाच्या जोरावर ईबी-१ या वरच्या गटात जाताना तीच तारीख बरोबर नेता येते. शिवाय संशोधनाला पैसे देणाऱ्या एनएसएफ या सरकारी संस्थेच्या, नव्या प्राध्यापकांसाठीच्या 'करिअर' ग्रँटला नागरिकत्व लागत नाही, पण नौदलाच्या आणि हवाई दलाच्या तरुण संशोधकांसाठीच्या ग्रँटना निदान ग्रीन कार्ड लागतं. तेव्हा रुजू झाल्याच्या पहिल्या महिन्यातच इंटरनॅशनल ऑफिसात स्वतः जा. अर्जाची तारीख ईमेलवर मागा. उत्तर आलं नाही तर पुन्हा मागा.

पगार बहुधा ९ महिन्यांचा असतो, उन्हाळ्याचा ग्रँटमधून काढायचा. आई-बाबांबरोबरच्या जॉइंट खात्यासकट भारतातल्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशातल्या खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देणारा फॉर्म, भरा. त्याचा दंड जबर असतो.

लॅबबद्दल स्पष्टच बोलतो. आपले बरेच लोक सगळे विद्यार्थी भारतातूनच घेतात आणि मीटिंगमध्ये गप्पा हिंदीत सुरू होतात. एखादा इराणी किंवा अमेरिकन मुलगा कोपऱ्यात फोन बघत बसतो आणि वर्षभरात दुसरा गाइड शोधतो. हे मला मुळीच पटत नाही. विद्यार्थी निवडताना घाईही नको. स्टायपेंड आणि बऱ्याच ठिकाणी ट्यूशनसुद्धा तुमच्याच पैशातून जाते, चुकीची निवड दोन वर्षं खाते.

वर्गात कुणी नावाने हाक मारेल, कुणी समोर सँडविच खाईल. तो अपमान नव्हे. मात्र "हे तर तुम्हाला यायलाच हवं" असं एकदा म्हणालात, की पुढे कुणी हात वर करत नाही. गुण कसे देणार ते सिलॅबसमध्ये लिहा आणि सत्राच्या मध्ये बदलू नका. इथले विद्यार्थी त्याला करार मानतात, आणि ते बरोबरच आहे.

'करिअर'साठी टेन्युअरच्या, म्हणजे नोकरी कायम होण्याच्या, आधी ३ वेळाच अर्ज करता येतो. कच्चा प्रस्ताव पाठवून त्यातली एक संधी घालवू नका. आपली माणसं एनएसएफमधल्या प्रोग्रॅम ऑफिसरला फोन करायला बिचकतात, साहेबाला त्रास कशाला म्हणून. त्यांचं ते कामच आहे. एक पानाचा सारांश आधी ईमेल करा, वेळ मागा, आणि थेट विचारा की ही कल्पना तुमच्या प्रोग्रॅममध्ये बसते का. नाही म्हणाले तर कुठे बसेल तेही विचारून घ्या.