जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान विकताना भाव कसा सुटला
फोर्टातलं दुकान विकायला काढलं, तर जो येई तो सगळा माल उक्ता मागे, तोही भंगाराच्या भावात. मग मालाची यादीच नव्याने केली. प्रत्येक बॉडीचा (म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याचा) सीरियल नंबर, शटर काउंट (आजवर किती फोटो काढले तो आकडा), माझी खरेदी किंमत. प्रत्येक लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशी तपासली (मुंबईच्या दमट हवेत पहिला प्रश्न तोच!). लोकांनी विकायला ठेवलेला माल वेगळ्या कपाटात. तो माझा नव्हताच. सीए म्हणाले, चालू धंदा अख्खा हस्तांतरित केला तर त्यावर जीएसटी लागत नाही. घेणाऱ्याचा निम्मा संशय तिथेच फिटला. गुडविलचे, म्हणजे दुकानाच्या नावलौकिकाचे पैसे मात्र कोणी देईना. शेवटी दुरुस्तीवाल्याशी गाठ घालून दिली, तेव्हा आकडा थोडा वर सरकला.