फिश टँकच्या जुन्या स्टँडमध्ये सम्प किंवा कॅनिस्टर बसवताना

चार फुटी फिश टँक विकत घेताना स्टँडची उंची आणि रंग पाहिला जातो. त्याच्या पोटात पुढे काय ठेवावे लागेल याचा विचार क्वचितच होतो. मासे वाढतात, टाकीला टांगलेला छोटा फिल्टर अपुरा पडू लागतो आणि खाली कॅनिस्टर (नळ्यांनी जोडलेला बंद डब्याचा फिल्टर) किंवा सम्प (टाकीखाली ठेवलेली, पाणी गाळून वर पाठवणारी उघडी छोटी टाकी) बसवायचे ठरते, तेव्हा लक्षात येते की मधला खांब आड येतो आहे, किंवा वरची पट्टी इतकी खाली आहे की फिल्टरचे झाकणसुद्धा उघडणार नाही. ग्राइंडर आणून तो खांब कापून टाकणे हा सर्वांत सोपा वाटणारा उपाय आहे आणि तोच सर्वांत धोक्याचा आहे. स्टँडने आधी भार पेलला पाहिजे आणि मग फिल्टरला जागा दिली पाहिजे. पुढील सूचना याच क्रमाने दिल्या आहेत.

खानदेशात मोठ्या फिल्टरची गरज उन्हाळ्यात प्रकर्षाने जाणवते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो आणि घरातील टाकीचे पाणीही सहज ३२ अंशांच्या आसपास पोहोचते. २५ अंशांच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३२ अंशांना हे प्रमाण ७.३ पर्यंत उतरते, आणि नेमकी त्याच वेळी माशांची प्राणवायूची गरज वाढलेली असते. सम्पमध्ये पाणी उघड्यावर पडते, हवेत मिसळते आणि बाष्पीभवनाने थोडे थंडही होते. कॅनिस्टर मात्र बंद डबा असतो. भारनियमनात तो काही तास थांबला की आतील उपकारक जिवाणूंना प्राणवायू मिळेनासा होतो आणि वीज आल्यावर तेच कोंदट पाणी टाकीत परत येते. त्यामुळे जागा करता येत असेल तर आपल्या हवामानात मी सम्पलाच पसंती देईन.

आधी वजनाचा हिशेब

१२० × ४५ × ४५ सेंटिमीटरच्या टाकीत ढोबळमानाने २४० लिटर, म्हणजे २४० किलो पाणी मावते. १० मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला २५ किलो असते, त्यानुसार टाकीची काच सुमारे ५० किलो होते. वाळू आणि दगड धरले की वरच्या चौकटीवर ३३० किलोंच्या आसपास भार येतो. खाली सम्प ठेवल्यास त्याची काच आणि पाणी मिळून आणखी ७० किलो खालच्या चौकटीवर पडतात. एकूण भार ४०० किलोंच्या घरात जातो आणि तो फरशीच्या चार लहानशा जागांवर उतरतो. जुन्या वाड्यांतील लाकडी माळा किंवा धाब्याच्या घराचा वरचा भाग यासाठी योग्य नाही. टाकी तळमजल्यावर, पक्क्या कोब्यावर असावी. शहाबादी फरशी आतून पोकळ वाजत असेल तर तेथे पाय ठेवू नये. प्रत्येक पायाखाली ७५ × ७५ मिलिमीटरची, ६ मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी वेल्ड करून घेतली की भार पसरतो.

मोजमाप उपकरणाचे आणि हाताचेही

उपकरणाची लांबी, रुंदी, उंची मोजून थांबू नये. कॅनिस्टरचे डोके उचलून आतील टोपल्या बाहेर काढाव्या लागतात आणि नळ्यांना वळायला जागा लागते. नळी दुमडली की प्रवाह घटतो. सम्पच्या वर किमान २५ सेंटिमीटर मोकळी जागा हवी, नाहीतर स्पंज आणि गाळणीचे कापडी मोजे धुण्यासाठी दर वेळी बोटांच्या टोकांनी चाचपडावे लागते, आणि जी साफसफाई अवघड असते ती हळूहळू होईनाशी होते. ४० सेंटिमीटर उंचीचा सम्प, वर २५ सेंटिमीटर मोकळी जागा, खालची चौकट, तळाचा प्लाय आणि वरची चौकट मिळून स्टँडची उंची ७५ ते ७८ सेंटिमीटर होते. दोन फुटी जुन्या स्टँडमध्ये हे गणित बसत नाही. तेथे कमी उंचीचा सम्प करून घ्यावा किंवा स्टँडच बदलावा.

त्यानंतर सम्प आत जाणार कसा, हे पाहावे. मधोमध खांब असलेल्या चार फुटी स्टँडच्या समोर जेमतेम ५०-५२ सेंटिमीटरचे दोन गाळे मिळतात, त्यातून ७५ सेंटिमीटर लांबीचा सम्प जात नाही. परंतु स्टँडची आखूड बाजू उघडी असेल तर तेथे सुमारे ३७ सेंटिमीटरची वाट असते आणि ३५ सेंटिमीटर रुंदीचा सम्प बाजूने आरामात सरकतो. तेव्हा खांबाला हात लावण्यापूर्वी बाजूचा प्लाय काढून पाहावा. मात्र सम्प पुन्हा बाहेर काढता यावा यासाठी त्या बाजूला भिंतीपासून ८० सेंटिमीटर जागा कायमची मोकळी ठेवावी लागते. अनेक घरांत टाकी एक हातभर सरकवली की एवढ्याने काम भागते.

खांब काढायचाच असेल तर

दोन आधारांमधील अंतर दुप्पट झाले की सारख्या पसरलेल्या भाराखाली पट्टीचा झोल दुप्पट होत नाही, तो १६ पट होतो. अंतराच्या चौथ्या घाताने तो वाढतो. आपल्या टाकीचा निम्मा भार, म्हणजे १६५ किलो, समोरच्या पट्टीवर आहे असे धरू. ४० × ४० × ५ मिलिमीटरचा अँगल मधल्या खांबासह ०.२ मिलिमीटर झुकतो. खांब काढल्यावर तोच अँगल गणिताने जवळजवळ साडेतीन मिलिमीटर झुकेल. काच वाकत नाही, ती तडकते. तेथे ८० × ४० मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा आयताकृती पाइप, ८० ची बाजू उभी ठेवून, बसवला तर खांबाशिवायही झोल ०.३ मिलिमीटरच्या आसपासच राहतो. पट्टीची जाडी वाढवण्यापेक्षा तिची उभी उंची वाढवणे कितीतरी अधिक उपयोगी ठरते, हे वेल्डिंगवाल्याला आवर्जून सांगावे, कारण ‘जाड अँगल टाकतो’ हे उत्तर हमखास मिळते.

माझा सल्ला असा की खांब काढावा लागणार असेल तर जुन्या स्टँडवर ठिगळे न लावता नवीन स्टँडच करून घ्यावा. जुन्या लोखंडावर नवा पाइप वेल्ड करताना उष्णतेने चौकट पिळते, आणि पिळलेली चौकट सरळ करणे नव्या चौकटीपेक्षा अवघड असते. भुसा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डच्या स्टँडबाबत तर विचारच करू नये. त्याच्या कडेला एकदा पाणी लागले की बोर्ड फुगतो, सनमायका सुटतो आणि स्क्रू हाताने ओढले तरी निघतात, तो बदलावाच. कॅबिनेटची मागची फळी नळ्यांसाठी पूर्ण काढून टाकण्याची चूकही टाळावी, कारण तीच स्टँडला डावीकडे-उजवीकडे झुलण्यापासून रोखते. तिला कोपऱ्यांपासून दूर गोल भोके पाडावीत. फळी काढणे अटळ असेल तर मागे तिरपी पट्टी मारावी.

उलट, लोखंड निरोगी असेल, उंची पुरेशी असेल आणि फक्त तळाला आधार नसेल, तर बदल लहान आहे. खालच्या चौकटीत तीन आडव्या पट्ट्या टाकून त्यावर १८ मिलिमीटरचा, आयएस ७१० शिक्का असलेला मरीन प्लाय ठेवावा आणि त्याच्या कापलेल्या कडा रंगाने किंवा इपॉक्सीने बंद कराव्यात.

नवीन स्टँड करून घेताना

फॅब्रिकेशनवाले काम किलोवर करतात, म्हणून वजनाचा अंदाज आधीच काढून जावे. ४० × ४० × ५ चा अँगल मीटरला ३ किलो भरतो. १२० × ४५ च्या वरच्या व खालच्या चौकटी, ७५ सेंटिमीटरचे चार पाय आणि काही आडव्या पट्ट्या मिळून सुमारे ११ मीटर, म्हणजे ३३ किलो लोखंड लागते. समोर आणि मागे ८० × ४० चा पाइप घेतल्यास त्याप्रमाणे फरक पडेल. वरची चौकट पायांच्या डोक्यावर टेकलेली असावी, पायांच्या बाजूला चिकटवलेली नसावी. नाहीतर सगळा भार लोखंडाऐवजी वेल्डिंगच्या टाक्यांवर राहतो. लाकडी स्टँडलाही हाच नियम लागू आहे: भार फळीच्या कडेवर उतरावा, स्क्रूवर नव्हे.

आपल्याकडील वेल्डर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि औजारे करण्यात पटाईत आहेत, त्यांच्या वेल्डिंगच्या मजबुतीबद्दल शंका नाही. पण ट्रॉलीत दोन सूत (एक सूत म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर) फरक चालतो, येथे अर्धा सूतही चालत नाही. म्हणून आधी फक्त टाके मारायला सांगावे, गुणिया लावून काटकोन पाहावेत, वरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत, ते सारखे भरले की मगच पूर्ण वेल्डिंग करावे, तेही एका कोपऱ्यानंतर समोरचा कोपरा घेऊन. पाइपची उघडी तोंडे पट्टीने बंद करून घ्यावीत. शेवटी वरच्या चारही कोपऱ्यांवरून नख फिरवून पाहावे. नख जेथे अडखळते तेथे वेल्डिंगचा मणी राहिला आहे. काचेचा तळ तडकायला ते एकच टोक पुरेसे असते. ग्राइंडरने तो घासून घेतल्याशिवाय स्टँड दुकानातून उचलू नये.

रेड ऑक्साइडचे दोन हात आणि त्यावर ऑइल पेंट, किंवा शक्य असल्यास पावडर कोटिंग करावे. आपल्याकडे अनेक ठिकाणी बोअरचे पाणी क्षारयुक्त असते. जोडातून झिरपलेला थेंब सुकला की पांढरा थर मागे राहतो आणि रंगाखाली गंजाचा फोड येतो. त्याच कारणाने कुलरचा ओला झोत थेट स्टँडवर येईल अशी जागा टाळावी. दारे असलेल्या कॅबिनेटला मागे-पुढे हवेच्या जाळ्या हव्यातच, नाहीतर पंपाची उष्णता आणि वाफ आत कोंडून राहते.

पाणी, वीज आणि भारनियमन

सम्पचा आकार ठरवताना चालू पंप नव्हे, बंद पडलेला पंप डोळ्यांसमोर ठेवावा. वीज गेली की रिटर्नच्या (सम्पमधून टाकीत पाणी परत नेणाऱ्या) नळीचे तोंड जेवढे पाण्यात बुडालेले असेल तेवढे पाणी उलटे खाली येते. तोंड पृष्ठभागापासून ३ सेंटिमीटर खाली असेल तर १२० × ४५ × ३, म्हणजे सुमारे १६ लिटर पाणी परतते. ७५ × ३५ च्या सम्पमध्ये त्याने पातळी ६ सेंटिमीटर वाढते आणि नळ्यांतील पाणी धरून ती ७-८ सेंटिमीटरवर जाते. सम्पमध्ये एरवी २० सेंटिमीटर पाणी असेल तर ते २८ वर थांबेल. पण तेच तोंड १२ सेंटिमीटर बुडवले असेल तर ६५ लिटर पाणी खाली येईल, पातळी जवळजवळ ४५ सेंटिमीटरवर चढू पाहील आणि ४० सेंटिमीटरचा सम्प घरभर वाहील. उलटा प्रवाह तोडण्यासाठी नळीला पाडलेले बारीक भोक शेवाळाने बुजते, म्हणून त्यावर विसंबून न राहता तोंडच वर ठेवावे.

पीव्हीसीचे जोड, व्हॉल्व्ह आणि ग्रॉमेट (भोकात बसवायच्या रबरी कड्या) जळगाव, रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात ठिबकच्या दुकानांत सहज मिळतात, ही आपली मोठी सोय आहे. मात्र ठिबकची १६ मिलिमीटरची नळी बाहेरून १६ असते, तर कॅनिस्टरसाठी सांगितलेले १६ हे बहुधा आतले माप असते. शिवाय ती ताठ असल्याने लहान वळणावर मोडते. तेथे लवचीक नळीच घ्यावी. प्रत्येक पंपाच्या दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह आणि युनियन (हाताने उघडता येणारा जोड) ठेवल्यास पुढे करवत हाती घ्यावी लागत नाही.

विजेचा बोर्ड सम्पच्या वर किंवा खाली न ठेवता बाजूच्या फळीवर उंच लावावा. प्रत्येक वायर बोर्डाकडे जाण्याआधी प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो. या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) आणि चालू अर्थिंग असलेच पाहिजे. यात काटकसर करू नये.

टाकी हलवणे आणि चाचणी

टाकी स्टँडवर असताना स्टँडचे कोणतेही काम करू नये आणि पाणी असलेली टाकी कधीही उचलू नये. तळाला थोडेसे पाणी राहिले तरी उचलताना ते एका बाजूला धावते आणि शिवण सुटते. जुने पाणी स्वच्छ टपांत काढून मासे त्यातच ठेवावेत, वर जाळी टाकावी आणि हवेचा पंप इन्व्हर्टरवर लावावा. फिल्टरमधील स्पंज व सिरॅमिक त्याच पाण्यात बुडवून ठेवावेत, नळाखाली धुऊ नयेत. हे काम थंडीच्या दिवसांत किंवा निदान सकाळी लवकर उरकावे.

स्टँड जागेवर ठेवून लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर लेव्हल पाहावी. फरक पायांखाली लोखंडी पत्र्याचे तुकडे देऊन काढावा; टाकीच्या काचेखाली पुठ्ठा किंवा लाकडाची पाचर कधीही देऊ नये. पूर्ण काच टेकणाऱ्या टाकीखाली प्लाय आणि त्यावर १२ मिलिमीटरचे थर्माकोल घालावे. प्लॅस्टिकच्या चौकटीवर उभी राहणारी टाकी मात्र थर्माकोलशिवाय ठेवावी, कारण तिचा तळ मुळात अधांतरीच असतो.

आधी एक तृतीयांश पाणी भरून लेव्हल पाहावी, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण. समोरच्या पट्टीखाली ताणून बांधलेला दोरा झोल लगेच दाखवतो. त्यानंतर पंप चालू करून अर्ध्या तासाने पाण्याच्या पातळ्या स्थिर झाल्या की मेन स्विच बंद करावा आणि सम्प कोठपर्यंत भरतो ते उभे राहून पाहावे. ती रेघ काचेवर मार्करने ओढावी, आणि चालू स्थितीत पाणी कोठपर्यंत भरायचे त्याची दुसरी रेघ तिच्या खाली ओढावी, म्हणजे बाष्पीभवनाची भर घालताना घरातील कोणीही दुसऱ्या रेघेवर थांबू शकेल. मासे सोडण्यापूर्वी स्टँड एक रात्र पूर्ण भाराखाली राहू द्यावा, सकाळी प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू फिरवावा आणि आठवड्याने लेव्हल पुन्हा एकदा तपासावी.