थरांच्या चुंबकात तिढा किती, ते मोजताना

त्रिकोणाच्या टोकांवर तीन स्पिन (अणूंची चिमुकली चुंबकं) बसवा आणि ‘शेजाऱ्याच्या उलट तोंड करा’ म्हणा. दोघांचं जमतं, तिसऱ्याला दोघांच्याही उलट होता येत नाही. हाच तिढा; लॅबमध्ये याला फ्रस्ट्रेशनच म्हणतात. ते मोजायची भौतिकशास्त्रज्ञ रामिरेझ यांची १९९४ची रीत सोपी: क्युरी-वाइस तापमानाला (स्पिनांची एकमेकांवरची पकड किती, त्याचं माप; उणे चिन्ह सोडून) नील तापमानाने (ज्याच्या खाली स्पिनांचा क्रम लागतो) भागा. आकडा मोठा, तर तिढा जास्त. उदाहरण कॉपर क्रोमियम ऑक्साइडचं घेऊ. त्यात क्रोमियमचे त्रिकोणी थर असतात.

१. नमुना शुद्ध आहे, हे एक्सरेवर पाहिलेलंच असेल.

२. नील तापमान विशिष्ट उष्णतेच्या आलेखातल्या टोकावरून घ्या. इथे सुमारे २४ केल्विन.

३. आता फिट: १ भागिले ससेप्टिबिलिटी (नमुना चुंबकक्षेत्राला किती प्रतिसाद देतो) आणि तापमान यांच्या आलेखावर सरळ रेषा बसवायची; ती तापमानाच्या अक्षाला छेदते तिथे क्युरी-वाइस तापमान. इथेच माती खाल्ली जाते. ‘१०० ते ३०० केल्विनमध्ये सरळ रेषा टाका’ हा सल्ला कानाआड करा. मीही एकदा तो मानला होता. रेषा देखणी आली, तिढा भरपूर निघाला, मी खूश. मग रेषेच्या उतारावरून चुंबकीय आघूर्ण (एका अणूच्या चुंबकाची ताकद) काढलं तर चार बोर मॅग्नेटॉनच्या (त्या ताकदीचं एकक) वर! क्रोमियमला ३.८७च्या आसपासच मिळायला हवं. या पदार्थाचं क्युरी-वाइस तापमान उणे २००च्या आसपास आहे. म्हणजे १०० केल्विनला स्पिन आधीच एकमेकांचं ऐकू लागलेले असतात. आलेख तिथे वाकलेला असतो, पण इतका हळू की डोळ्यांना सरळ दिसतो.

म्हणून भट्टी जोडा, ६०० केल्विनपर्यंत मोजा आणि फिट ३००च्या वरच करा. खालची मर्यादा २५-२५ने सरकवून पाहा. उत्तरही सोबत सरकत असेल तर ते उत्तर नाही. प्रतिचुंबकीय वाटा (सगळ्याच अणूंचा क्षेत्राच्या उलट जाणारा बारीक प्रतिसाद) पास्कलच्या तक्त्यातून (त्याचे अणूनिहाय तयार आकडे) आधीच वजा करा. त्याला फिटमध्ये मोकळा सोडलात तर तो सगळ्या चुका गिळून टाकतो. नमुना धरणाऱ्या होल्डरचं रिकामं मोजमापही वजा करा, कारण वरच्या तापमानाला नमुन्याचा सिग्नल किरकोळ असतो.

४. भागाकार: २०० भागिले २४, साधारण ८.

या आठाला लगेच भुलू नका. थर एकमेकांना जेमतेम धरून असतील तर तिढा नसतानाही नील तापमान खाली येतं. पोटॅशियम निकेल फ्लोराइडची जाळी चौकोनी, तिढा नाही. तरी ससेप्टिबिलिटीचा उंचवटा (स्पिन एकमेकांचं ऐकू लागल्याची खूण) २५० केल्विनजवळ आणि क्रम लागतो थेट ९७ला. त्यामुळे त्रिकोणी थराचा आकडा चौकोनी थराच्या आकड्याशेजारी ठेवूनच वाचा.