खाडीत कांदळ लावायला जाण्याआधी

३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा मी कोथरूडमध्ये फोन हातात धरून बसले होते. माहेरचं छप्पर उडालं, पुळणीवरची सुरूची झाडं आडवी झाली, पण तिवरांच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांच्या, आड बांधलेली भावाची होडी जागची हलली नाही. तेव्हापासून पुण्यातली आमच्या गावची मंडळी दर पावसाळ्यात ताम्हिणी उतरून कांदळ (तिवरासारखंच खाऱ्या चिखलातलं झाड) लावायला जातो. पहिल्या वर्षी चारशे शेंगा लावल्या, एकही जगली नाही. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितेय.

आधी पाणी बघा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते: अष्टमी असेल तर साधारण सहा. (मी जन्मभर गणित शिकवलं, पण हे आजोबांकडून शिकले.) सगळ्यात मोठं उधाण पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येतं. त्या दिवशी पाणी चढेल तिथे एक खुंटी ठोका, ओहोटीला उतरेल तिथे दुसरी, आणि दोन्हींच्या मधल्या उंचीवर तिसरी. कांदळ या तिसरीच्या वरच. आम्ही खाली, उघड्या चिखलात लावलं. रोपं बहुतेक वेळ पाण्याखाली राहून गुदमरली. वर वहिनीने सुनावलं, "वन्सं, तिथे आम्ही तिसऱ्या, शिंपल्या काढतो. विचारायचं तरी!" आता जागा वहिनीच दाखवते.

खरं तर पुष्कळदा लावायची गरजच नसते. आमच्याकडे पडीक खाजणातली (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतली) नाळ, म्हणजे पाणी आत आणणारा ओहोळ, बुजली होती, भरतीचं पाणी आत येईना. पंचायतीला विचारून दोन दिवस फावडी चालवली, शेळ्यांसाठी कुंपण घातलं. तिवराची रोपं आपसूक आली. मात्र खारजमिनीत भात पिकत असेल तर उघाडीला (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराला) हात लावू नका, शेतात खारं पाणी शिरेल.

लावायचंच असेल तर शेंग ओढून तोडू नका. ती झाडावरच रुजते. टोपीखाली पिवळसर कडं दिसलं आणि हात लागताच सुटली, म्हणजे तयार. टोकाची बाजू खाली, तिसरा हिस्सा चिखलात, दोन शेंगांत दोन पावलं अंतर.

पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, कांदळ नाही. तिथे मर्यादवेल, तिचे तुकडे पावसात रोवले की वाळू धरून ठेवतात. मागे केवडा, उंडी. पुन्हा सुरूच लावायचा हट्ट मला तरी पटत नाही.

वनखात्याचा कांदळवन कक्ष २०१२पासून आहे; काम काढण्याआधी तिथे लेखी कळवा. आणि गावात कुणाला "झाडं आहेत, आता भीती नाही" असं सांगू नका. झाडं लाटेचा जोर कमी करतात, पण वादळाचा इशारा आला की घर सोडायचंच.

शेंगा गावच्याच खाडीतल्या घ्या. ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पोत्यात बांधल्या तर उकडतात, तेही आम्ही करून पाहिलंय.