रोषणाईचे फोटो एडिट करायचे कसे? सांगली-मिरजेच्या रात्रींवर सुरुवातीचा सराव

गणपतीत सांगलीकरांच्या मोबाइलमध्ये साधारण तेच ते फोटो जमा होतात. दिव्यांनी उजळलेलं गणपती मंदिर, मंडळांच्या लायटिंगच्या माळा, आयर्विन पुलाजवळ कृष्णेत पडलेलं प्रतिबिंब, विसर्जनाच्या दिवशी मिरजेतल्या स्वागत कमानी. प्रत्यक्षात डोळे दिपले होते, पण फोटोत दिवे पांढरेफटक, आभाळ राखाडी आणि वर दाणेच दाणे. मग हात सवयीने ब्राइटनेसच्या स्लायडरवर जातो आणि उरलासुरला रंगही जातो. माझं म्हणणं एवढंच, की रात्रीचा फोटो एडिट करायचा म्हणजे बहुतेक वेळा उजेड कमी करायचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच अंगाने सांगतो.

अ‍ॅप कुठलं वापरायचं यावर फार डोकं घालू नका. स्नॅपसीड चालेल, लाइटरूमची मोबाइल आवृत्तीही चालेल. पुढे येणारी स्लायडरची नावं लाइटरूममधली आहेत, स्नॅपसीडमध्ये त्यातली काही सापडणार नाहीत. लाइटरूममधली काही टूल्स पैसे भरल्यावरच उघडतात, पण शिकायला त्यांची गरज नाही.

आधी मोबाइलची स्क्रीन ठीक करा

रात्री पडल्या पडल्या एडिट करणाऱ्यांचा घोळ इथेच होतो. डोळ्यांना त्रास नको म्हणून स्क्रीन पिवळसर करणारा मोड चालू असतो. तो बंद करा, नाहीतर तो पिवळेपणा फोटोतला समजून तुम्ही फोटो निळा करून बसाल. ऑटो ब्राइटनेस बंद करून उजेड मध्यावर ठेवा आणि खोलीतला दिवा लावा. काळोखात स्क्रीन फार झगझगीत वाटते, त्यामुळे फोटो गरजेपेक्षा काळा केला जातो.

कुठला फोटो निवडायचा

एकाच कमानीचे चार फोटो असतील तर त्यातला जरा काळपट घ्या. झूम करून एखाद्या दिव्याचा मधला भाग बघा. तिथे थोडा जरी रंग शिल्लक असेल तर फोटोत जीव आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो घेऊ नका, तो दाबून लहान झालेला असतो. मित्राला डॉक्युमेंट म्हणून मूळ फाइल पाठवायला सांगा. मोबाइलमध्ये रॉ फोटो, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती जशीच्या तशी ठेवणारी फाइल, काढायची सोय असेल तर सोन्याहून पिवळं. साध्या जेपेगमध्ये, म्हणजे मोबाइलच्या नेहमीच्या फोटो फाइलमध्ये, प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, तर 12 बिटच्या रॉ फाइलमध्ये 4096. काळ्या आभाळातून निळी छटा हळूहळू उतरते तिथे हा फरक लगेच कळतो. जेपेग जास्त ताणला की आभाळात पट्टे पडतात.

लाल दिवा पांढरा का होतो

एडिटिंगचं अर्धं गणित इथेच आहे, म्हणून जरा थांबून बघू. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात आणि प्रत्येकाची कमाल 255. लाल दिव्यात लाल आकडा आधी 255 ला पोचतो आणि तिथेच अडकतो. प्रकाश जास्त आला की मागचा हिरवा आकडा वर चढतो, म्हणून लाल दिवा नारिंगी-पिवळा दिसायला लागतो. निळाही चढला की पांढरा. दिव्याचा मध्य पांढरा, भोवती नारिंगी कडं आणि त्याबाहेर खरा लाल, असं का दिसतं ते आता कळेल. मध्यावरचा रंग फाइलमध्ये उरलेलाच नसतो, त्यामुळे कुठलाही स्लायडर तो परत आणत नाही. खरा रंग असतो त्या कड्यात, आणि दिव्याचा उजेड जिथे पडलाय तिथे: कमानीच्या कापडावर, ओल्या रस्त्यावर, ढोलाच्या पानावर. म्हणून दिवा वाचवायच्या मागे न लागता त्याने उजळलेल्या वस्तू नीट दाखवायच्या.

पायऱ्या, याच क्रमाने

फोटो सरळ करा. कमान किंवा पूल तिरका असेल तर बाकीची मेहनत वाया. कडेला आलेले पांढरेफटक दिवे, एखाद्याचा वर धरलेला मोबाइल, असलं काही असेल तर कापून टाका.

मग हायलाइट्स (सर्वांत उजळ भाग) बरेच खाली आणा आणि एक्सपोजर (सगळ्या फोटोचा उजेड) किंचित कमी करा. त्यानंतर ब्लॅक्स (सर्वांत काळे भाग) खाली ओढा, आभाळ काळं होईपर्यंत. इथे बरेच जण बिचकतात. काळ्यात काही दिसलं नाही तर चालतं. मागची पाण्याची टाकी आणि केबलच्या वायरी दिसल्याच पाहिजेत असं कुणी सांगितलंय? शॅडोज (सावलीतले भाग) अगदी थोडे वाढवा, माणसांचे चेहरे ओळखू येतील इतपत. मोबाइलच्या नाइट मोडने काढलेला फोटो असेल तर तेही नको, कारण त्या मोडने अनेक फोटो एकत्र करून काळोख आधीच उजळलेला असतो.

आता व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोवर चढलेली पिवळी-निळी झाक काढणं. ड्रॉपर (रंग निवडायचं टूल) घेऊन पांढऱ्या वस्तूवर टेकवायचा, असं सगळीकडे सांगतात. मिरवणुकीत ही युक्ती अंगाशी येते. समजा पांढऱ्या टोपीवर लाल फोकस पडलाय. ड्रॉपर तिथे टेकवला की अ‍ॅप त्या लालीला पांढरं ठरवतं आणि सगळा फोटो हिरवट-निळसर करून टाकतं. साध्या पांढऱ्या उजेडातली वस्तू शोधा, भेळेच्या गाडीवरचा दरफलक वगैरे. ती नसेल तर टेम्परेचरचा (पिवळा-निळा) स्लायडर हातानेच हलवा आणि माणसांच्या कातडीच्या रंगाकडे बघत थांबा.

जुन्या सोडियमच्या दिव्याखाली काढलेल्या फोटोकडून फार अपेक्षा ठेवू नका. त्या उजेडात पिवळ्या-नारिंगीखेरीज फारसं काही नसतंच, म्हणून निळी साडीही तिथे काळपट दिसते. तो निळा रंग एडिटिंगने येणार नाही. थोडा पिवळेपणा कमी करा आणि सोडून द्या. देवळाच्या दगडावर तो पिवळा उजेड उलट शोभतो.

रंगांसाठी सॅच्युरेशनला हात लावू नका, व्हायब्रन्स वापरा. सॅच्युरेशन सगळेच रंग सरसकट भडक करतं. व्हायब्रन्स मुख्यतः फिके रंग उचलतं आणि आधीच गडद असलेल्यांना फारसं डिवचत नाही. लाइटरूममध्ये एकेक रंग वेगळा हाताळता येतो. एलईडीच्या माळांचा निळा आणि जांभळा हमखास अंगावर येतो, तेवढाच जरा उतरवा. बाजूचा लाल आणि सोनेरी आपोआप उठून दिसतो. माझ्या मते सगळ्या एडिटिंगमध्ये सर्वांत जास्त फरक या एका गोष्टीने पडतो.

दाणे शेवटी काढा. आधी रंगीत दाणे घालवा, ते जास्त खुपतात. साधे दाणे थोडे राहू देत. ते पार घासून काढले की चेहरे मेणाचे दिसतात. फोटोत आडवे काळे पट्टे आले असतील तर ते दिव्यांच्या लुकलुकण्याचे आहेत. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनांची, आणि प्रत्येक आवर्तनात उजेड दोनदा हलतो, म्हणून त्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. एडिटिंगमध्ये हे पट्टे नीट जात नाहीत. पुढच्या वेळी फोटो काढताना कॅमेऱ्याचं शटर (प्रकाश आत घ्यायचा वेळ) 1/50 किंवा 1/100 सेकंदावर ठेवा.

कृष्णेतलं प्रतिबिंब

आयर्विन पूल 1929 चा, दगडी कमानींचा. घाटाच्या बाजूने पाण्यासकट टिपलेला त्याचा फोटो सरावाला उत्तम. इथे एकच नियम पाळायचा. पाण्यातला दिवा वरच्या दिव्यापेक्षा उजळ कधीच नसतो. शॅडोज वाढवण्याच्या नादात पाणी पुलापेक्षा चमकायला लागतं आणि बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही. स्नॅपसीडच्या सिलेक्टिव्हमध्ये पाण्यावर बोट ठेवून तेवढाच भाग थोडा उतरवा. प्रतिबिंबाच्या लांब रेघा धारदार करू नका, त्या हलत्या पाण्यामुळे मऊच असतात.

मधूनमधून फोटोवर बोट दाबून धरून मूळ फोटो बघत राहा. पूर्ण झाला की मूळ फाइल तशीच ठेवून नवी प्रत सेव्ह करा, आणि सकाळी दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवर उघडून बघा. मंडळाच्या ग्रुपवर टाकताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फ्रेम करायला द्यायचा असेल तर मात्र सेव्ह करताना आणखी एक प्रत काढा आणि तिचं एक्सपोजर जरासं वाढवा, कारण कागदावर फोटो स्क्रीनपेक्षा काळाच दिसतो. मोठी प्रिंट काढण्याआधी स्टुडिओवाल्याकडून एक लहान प्रिंट मागून घ्या.