संक्रांतीनंतरचं काम: डोंगर वणव्यापासून राखायचा कसा

संक्रांत झाली की डोंगरावर जाऊन गवताची काडी मोडून बघा. वाकली तर अजून थोडे दिवस आहेत. कट्कन मोडली आणि कुसळं कपड्यांना चिकटायला लागली, तर दुसऱ्या दिवशीच विळे घेऊन निघायचं.

नाशिकहून त्र्यंबकला जाताना डाव्या-उजव्या हाताला जे डोंगर दिसतात, त्यातल्याच एकाच्या पायथ्याशी आमचं गाव. २०१६ च्या पावसाळ्यात आम्ही बचत गटाच्या बायकांनी गावामागच्या उतारावर सहाशे रोपं लावली. आवळा, ऐन, बेहडा, करंज, थोडे मोह. दोन उन्हाळे डोक्यावर हंडे नेऊन ती जगवली. २०१९ च्या मार्चमध्ये एका दुपारी दीड तासात त्यातली चारशेहून जास्त जळाली. संध्याकाळी वर गेले तेव्हा आवळ्याची रोपं काळ्या काड्यांसारखी उभी होती. तेव्हापासून दर वर्षी जे करतो ते सांगते. डोंगराशेजारी राहणाऱ्या कुणालाही हे करता येईल.

पहिलं काम जाळरेषेचं, म्हणजे आग अडावी म्हणून गवत-पाला काढून मोकळी ठेवलेल्या पट्टीचं. टीव्हीवर कॅलिफोर्नियाच्या आगी दाखवतात. २०२० साली तिथं चाळीस लाख एकरांहून जास्त क्षेत्र जळालं. विमानातून लाल रसायन फवारतात, तरी आग झाडांच्या शेंड्यांवरून पुढं जाते. ते बघून आपल्या हातात काही नाही असं वाटतं. पण सह्याद्रीतली आग बहुतेक वेळा जमिनीवरून, गवतातून आणि पाल्यातून सरकते. तिला वाटेत खायला काही मिळालं नाही की ती थांबते. गवत गुडघाभर असेल तर तीन मीटर रुंद पट्टी साफ करा, कमरेएवढं असेल तर पाच-सहा मीटर. नुसतं कापून भागत नाही. दाताळ्यानं खालचा पाला ओढून माती उघडी पडली पाहिजे. कापलेलं गवत पट्टीवर ठेवू नका, भारे बांधून गुरांसाठी खाली आणा. आमच्याकडे चाऱ्यासाठी येणारी माणसं त्यामुळंच वाढली.

पट्टी कुठून न्यायची हे आधी डोंगर फिरून ठरवा. पायवाट, ओढा, कातळ, नांगरलेलं शेत अशा आधीच मोकळ्या असलेल्या जागा एकमेकींना जोडत गेलं की निम्मं काम वाचतं. आमच्या पावणेदोन किलोमीटरपैकी जवळजवळ निम्मी लांबी कातळानं आणि पायवाटेनंच भागली. पट्टी उताराच्या मधोमध असेल तर खालच्या कडेला वीतभर चर खणून मातीचा बांध घाला. जळता ओंडका किंवा पेटलेली गोवरी घरंगळत आली तर तिथं अडकते.

जमीन वनखात्याची असेल तर काडी अजिबात ओढू नका. पट्टीतलं गवत पेटवून देणं हे वनरक्षक आणि मजुरांचं काम आहे, ते सकाळच्या ओलाव्यात, वारा बघून करतात. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या कलम ७९ प्रमाणं ज्यांना जंगलातून चारा-लाकूड घेण्याचा हक्क आहे, त्यांनी आगीची खबर देणं आणि विझवायला मदत करणं बंधनकारक आहे. जानेवारीतच वनरक्षकाला भेटा, पट्टी कुठून न्यायची ते दोघांनी मिळून ठरवा आणि त्यांचा नंबर फोनमध्ये घ्या.

आता आमची चूक. २०१९ सालीही आमची पट्टी होती. जानेवारीत चोख साफ केली होती. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये साग, ऐन, पळस सगळे पानं गाळतात आणि वारा ती पानं आणून नेमकी मोकळ्या पट्टीत साठवतो. महिनाभर कुणी वर गेलं नव्हतं. पट्टीवर घोटाभर वाळका पाला होता, आग त्याच्यावरून चालत पलीकडे गेली. तेव्हा लक्षात ठेवा, पट्टी एकदा करून होत नाही. होळीपर्यंत दर आठ-दहा दिवसांनी खराटा मारायचा. आम्ही वार वाटून घेतलेत, दर मंगळवारी दोन घरं.

दुसरं काम बोलण्याचं, आणि माझ्या मते तेच मोठं. आपल्याकडे आग आभाळातून पडत नाही, माणसाच्या हातून लागते. तो हात बहुतेक वेळा ओळखीचा असतो आणि त्याच्या मनात वाईट काही नसतं. भात-नागलीच्या रोपांसाठी राब भाजताना, म्हणजे रोपांच्या जागेवर पाला-शेण पसरून जाळताना, ठिणगी उडते. मोहाची फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. जुनं गवत जाळलं की नवं जोमानं येतं अशी समजूत असते. कुणी बिडी टाकतं, कुणी किल्ल्यावर चूल मांडून तशीच सोडून जातं.

आमच्या पाड्यावरच्या एका आजी मला म्हणाल्या, "पाला न्हाई जाळला तर फुलं कशी वेचायची, माय? डोळ्यांना दिसत न्हाई." त्यांचं खरंच होतं. आम्ही त्यांना जुन्या साड्या जोडून शिवून दिल्या. झाडाखाली अंथरल्या की फुलं थेट त्यांच्यावर पडतात, माती लागत नाही, व्यापारीही स्वच्छ फुलांना बरा भाव देतो. तिसऱ्या वर्षी आजींनीच शेजारच्या पाड्यावर साड्या नेल्या. राबाचंही तसंच. पिढ्यान् पिढ्या राबावर रोपं वाढवणाऱ्याला "हे बंद करा" म्हणून उपयोग नाही. सांगायचं ते इतकंच: सकाळी आठच्या आत भाजा, भोवती दोन मीटर माती मोकळी करा, पाण्याचे दोन हंडे जवळ ठेवा, राखेला हात लावता येईपर्यंत जागा सोडू नका. गादीवाफ्यावर, म्हणजे माती उंच करून केलेल्या वाफ्यावर, राबाशिवाय रोपं करणारा शेतकरी आसपास असेल तर त्याचा वाफा दाखवायला न्या.

"गवत तर पावसात पुन्हा येतंच, मग बिघडलं काय?" हा प्रश्न हमखास येतो. गवत येतं, ऐनाचं दोन वर्षांचं रोप येत नाही. टिटवी, तित्तर, रातवा उन्हाळ्यात जमिनीवरच अंडी घालतात, ती जातात. उघड्या उतारावरची माती पहिल्या जोरदार पावसात ओढ्याला लागते, आणि ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या पाण्याबरोबर ती गंगापूर धरणाकडंच निघते. नाशिक शहरातली माणसं हा डोंगर आपला समजत नाहीत, पण नळाला येणारं पाणी इथलंच असतं.

एवढं करूनही आग लागली तर आधी फोन. वनखात्याचा टोल फ्री नंबर १९२६. "डोंगराला आग लागलीय" एवढ्यानं कुणाला काही कळत नाही. डोंगराची कुठली बाजू, जवळचं देऊळ किंवा पाझर तलाव, आग वर चाललीय की आडवी, वारा कुठून आहे, हे सांगा.

वर जाताना चौघांपेक्षा कमी जाऊ नका. एकानं समोरच्या टेकाडावर उभं राहून आग कुठं वळतेय ते फोनवर सांगायचं, त्यानं विझवायला यायचं नाही. नायलॉनचे कपडे वितळून कातडीला चिकटतात. आम्ही बायका साडी नेसून जात नाही, सुती ड्रेस घालतो आणि ओढणी घरी ठेवतो. पायात बूट हवेत. आग विझवायला हिरवे डहाळे गावातूनच तोडून न्या, आंब्याचे किंवा करंजाचे, कारण मार्चमध्ये डोंगरावर हिरवं पान मिळत नाही. डहाळा उंच उचलून आपटला तर ठिणग्या उडून मागं नवी आग लागते. तो ज्वाळेवर दाबायचा आणि जळालेल्या बाजूकडं ओढायचा. सुरुवात आगीच्या मागून करा, मग बगलेनं पुढं सरका. तोंडासमोर कधीही उभं राहू नका.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. आग चढावर फार वेगानं पळते, साधारण दहा अंश चढ वाढला की वेग दुप्पट होतो असं मानतात. त्यामुळं आगीच्या वरच्या अंगाला थांबायचं नाही आणि घळीत तर शिरायचंच नाही, घळ धुराड्यासारखी आग वर ओढते. पळायची वेळ आलीच तर जळून काळी झालेली जागा किंवा उघडा कातळ गाठा. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून अधिक माणसं गेली, बरीचशी ट्रेकिंगला आलेली. हरिहर, अंजनेरीच्या किल्ल्यांवर येणाऱ्या मुलामुलींना मी हे दर वेळी सांगते. धूर दिसला तर फोटो काढत बसू नका, ज्या वाटेनं आलात ती मोकळी असेतोवर खाली उतरा. ज्वाळा डोक्याएवढी झाली तर आम्हीही मागं फिरतो आणि पुढच्या पट्टीवर वाट बघतो. रोप पुन्हा लावता येतं.

ज्वाळा विझल्या की सगळे घरी जायला निघतात. थांबा. वाळकं शेण आणि झाडाचं बुंध आतून रात्रभर धुमसतं, दुसऱ्या दिवशी दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की पुन्हा पेट घेतं. कडेकडेनं फिरून हाताची पालथी बाजू जमिनीजवळ नेऊन बघा, ऊब लागली तर माती उकरून उलटी करा, पाणी असेल तर ओता. पहाटे उजाडताना परत एक चक्कर मारा. तेव्हा वारा पडलेला असतो आणि धुराची बारीकशी रेघही लांबून सरळ उभी दिसते.